नोकरी गेल्यानंतरचे पहिले तीन दिवस

जर्मनीत नोकरी गेली की मराठी माणूस आधी गप्प होतो. पुण्यात आई-वडिलांना सांगायचे नाही, कारण बाबांचा रक्तदाब. महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांना सांगायचे नाही, कारण स्टुटगार्टची बातमी सांगलीला पोहोचायला एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. दार लावून रात्री उशिरापर्यंत अर्ज पाठवत राहायचे आणि दुसरी नोकरी हातात पडली की मगच तोंड उघडायचे, असा बेत असतो.

हा बेत महागात पडतो, आणि तोही अगदी युरोंमध्ये मोजून. नोकरी संपायच्या किमान तीन महिने आधी रोजगार कचेरीत, म्हणजे तिथल्या ‘आगेंटूर फ्युअर आर्बाइट’मध्ये, आपण काम शोधत असल्याची नोंद करावी असे जर्मन कायदा सांगतो. तेवढा अवधी हातात नसेल, तर नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांच्या आत. उशीर झाला की साधारणपणे एका आठवड्याचा भत्ता बुडतो. ही नोंद ऑनलाइनही करता येते, त्यामुळे सबब चालत नाही. पुढे नोकरी प्रत्यक्ष संपल्यावर, पहिल्याच दिवसापर्यंत, आपण बेरोजगार झाल्याची वेगळी नोंद करावी लागते. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप झाली, असे नसते.

याच दिवसांत आणखी एक कागद समोर येतो. एचआरचा माणूस गोड बोलून सांगतो की नोटीस नको, परस्परसंमतीने करार करू, चार पगार जास्त देऊ, फक्त इथे सही करा. ती सही कचेरीच्या लेखी ‘स्वतःहून नोकरी सोडली’ अशी ठरू शकते आणि मग भत्ता बारा आठवडे रोखला जातो. नोटीस मात्र कागदावर, हाताने सही केलेली असावी लागते. ईमेलने आलेली नोटीस जर्मनीत कायदेशीर नाही. आणि नोटीस अन्यायाची वाटत असेल, तर कामगार न्यायालयात जायला तीन आठवडे मिळतात, त्याहून एक दिवसही जास्त नाही. लाजेपोटी गप्प बसणाऱ्याचे हे तीन आठवडे कधी सरतात ते त्याला कळतही नाही.

आज हे लिहिण्याची वेळ आली आहे, कारण जर्मनीतले वारे फिरले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या बेरोजगारांचा आकडा दहा वर्षांत पहिल्यांदाच तीस लाखांच्या वर गेला. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक जागा कमी करायचे ठरवले. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी तेरा हजार जागांवर कुऱ्हाड चालवली. ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे, बॉशचा नाशिकला. या दोन गावांतून स्टुटगार्ट-वोल्फ्सबुर्गकडे जाणारी वाट अनेक मराठी इंजिनिअरांनी पायाखाली घातली आहे. जर्मन सरकारच्या आकड्यांनुसार तिथे नोकरी करणारे भारतीय २०१५ मध्ये जेमतेम २३-२४ हजार होते, ते २०२४ च्या सुरुवातीला सुमारे १ लाख ३७ हजार झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले आणि भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा करून गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जाण्याची वाट रुंद होत गेली. गेलेल्याची नोकरी सुटली तर काय, याबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की वाहन उद्योगातल्या मंदीने नोकरी गेली, तर तो माणसाचा नाकर्तेपणा नव्हे. हे सगळ्यांना पटते, फक्त ज्याची गेली आहे त्याला पटत नाही. तो स्वतःलाच विचारत बसतो की आपण कमी पडलो का, क्षेत्रच चुकले का, आता आयुष्यात करायचे तरी काय. सहाव्या आठवड्यात सकाळी उठवत नाही. मग नातेवाईक, मित्र आणि यूट्यूबवरचे वक्ते सांगतात की इच्छाशक्ती वाढव, सकारात्मक राहा.

या सल्ल्याचे उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच मिळाले आहे, आणि तेही जर्मन भाषेतच. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची वसाहत होती. एका कापडगिरणीवर अख्खे गाव जगत होते. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि गावातली बहुतेक घरे बेकार झाली. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांना घेऊन तिथे गेले. नुसती प्रश्नावली वाटून ते परतले नाहीत. कपडेवाटप केले, डॉक्टरी तपासणी भरवली, शिवणकामाचे वर्ग घेतले आणि लोकांमध्ये मिसळून त्यांची दिनचर्या टिपली.

त्यांना जे दिसले ते अंदाजाच्या अगदी उलट होते. लोकांकडे वेळच वेळ होता, म्हणजे वाचन वाढायला हवे. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले होते, पूर्वी लागणारे पैसे आता लागत नसूनही. संशोधक खिडकीआड घड्याळ घेऊन उभे राहिले आणि मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजू लागले. पुरुष रेंगाळत चालत, मध्येच थांबत, पुन्हा थांबत. बायका झपझप जात, कारण त्यांची गिरणीतली नोकरी सुटली असली तरी स्वयंपाक, धुणे आणि मुले सुटली नव्हती. पुरुषांना दिवसभराचा तक्ता भरायला दिला, तेव्हा मुलांना उठवणे आणि दुपारचे जेवण यांच्यामध्ये काय केले ते त्यांना आठवेना. तीन-चार तास कुठे गेले, कुणालाच सांगता येत नव्हते.

हा अभ्यास १९३३ मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिगमध्ये पुस्तकरूपाने निघाला. हिटलर सत्तेवर आला होता आणि लेखक ज्यू होते, त्यामुळे मुखपृष्ठावर त्यांची नावेही छापली गेली नाहीत. याहोडांना पुढे १९३६ मध्ये ऑस्ट्रियात अटक झाली, १९३७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करून अखेर ससेक्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. काम हरवणे, देश हरवणे, नव्या भाषेत पाय रोवणे हे त्यांनी स्वतः भोगले होते. उतारवयात त्यांनी मारिएनथालचे सार मांडले. नोकरी पगार देते हे उघडच आहे. त्याशिवाय ती दिवसाला बांधून ठेवते, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देते, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात सामील करते, समाजात ओळख देते आणि हातपाय हलवायला लावते. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकदम जातात, आणि उभारी त्यांच्यावरच उभी असते.

याचा अर्थ सरळ आहे. सकाळी उठवत नाही म्हणून माणूस आळशी ठरत नाही. त्याला उठवणारी चौकट काढून घेतली गेली आहे, तेव्हा आधी चौकट परत उभी करायला हवी. मारिएनथाल ज्या गावात मोडते त्या ग्रामाटनॉयझीडलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये दीर्घकाळ बेकार असलेल्या सगळ्यांना कामाची हमी देणारा प्रयोग सुरू झाला. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी तो अभ्यासला. उत्पन्नाबरोबरच दिवसाची घडी, लोकांशी संपर्क आणि आपण उपयोगाचे आहोत ही भावना या सगळ्यांत स्पष्ट सुधारणा दिसली.

आता रोजगार कचेरीकडे पुन्हा पाहू. मराठी मनात या शब्दाबरोबर आपले सेवायोजन कार्यालय येते: रांग, नोंदणी कार्ड, ठरावीक काळाने नूतनीकरण आणि कधीच न येणारा कॉल. म्हणून जर्मनीतला उच्चशिक्षित मराठी इंजिनिअर त्या इमारतीत पाऊल टाकायला संकोचतो. तिथे जाणे म्हणजे सरकारपुढे हात पसरणे, असे त्याला वाटते. हे साफ चुकीचे आहे. १९२७ च्या कायद्याने जर्मनीत बेरोजगारी विमा आला. आज पगाराच्या २.६ टक्के रक्कम या विम्यात जाते, निम्मी कामगाराची आणि निम्मी मालकाची. प्रत्येक पगारपत्रकावर ती कापलेली दिसते. गेल्या तीस महिन्यांत एकूण बारा महिने वर्गणी भरली असेल, तर भत्त्याचा हक्क तयार होतो. निव्वळ पगाराच्या साठ टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के. दोन वर्षे वर्गणी भरलेल्याला बारा महिने भत्ता मिळतो, पन्नाशीनंतर, वर्गणी त्याहून अधिक काळ भरलेली असेल तर, जास्त. त्या काळात आरोग्य विम्याचा हप्ता कचेरी भरते. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची बेरोजगारांसाठीची अटल योजना २०१८ मध्ये आली. ती कमी पगाराच्या विमाधारक कामगारांपुरती आहे आणि जास्तीत जास्त नव्वद दिवस चालते. हे अंतर लक्षात घेतले की जर्मनीतला हक्क सोडून देण्यात शहाणपण नाही, हे वेगळे सांगायला नको.

भत्त्यापेक्षाही मोलाच्या गोष्टी त्या कचेरीत आहेत, आणि दिशा शोधणाऱ्याला त्याच हव्या असतात. नोकरी करणाऱ्या आणि नोकरी गेलेल्या प्रौढांसाठी तिथे वेगळे करिअर समुपदेशक असतात. त्यांची भेट मोफत असते. खासगी प्रशिक्षकाकडे एकास एक मार्गदर्शन घ्यायचे असेल, तर त्याचे व्हाउचर मिळू शकते. नवे कौशल्य शिकायचे असेल, तर ‘बिल्डुंग्सगुटशाइन’ नावाचे शिक्षणाचे व्हाउचर असते आणि महिनोन्महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे पूर्ण शुल्क कचेरी भरते. स्वतःचा व्यवसाय काढायचा असेल, तर पहिले सहा महिने भत्त्याइतकी रक्कम आणि वर दरमहा ३०० युरो मिळण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी भत्त्याचे किमान १५० दिवस शिल्लक असावे लागतात. म्हणजे ज्याने आठ महिने अर्ज टाकण्यात घालवले आणि मग धंद्याचा विचार केला, त्याच्या हातून ती वाट निसटलेली असते.

या सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करून पाहणे. कचेरीच्या संमतीने माणूस सहा आठवड्यांपर्यंत कंपनीत जाऊन काम करतो आणि भत्ता चालू राहतो. वाहनांच्या चाचणी विभागात दहा वर्षे काढलेल्याला वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात जमेल का, रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत रस वाटेल का, हे टेबलाशी बसून, व्यक्तिमत्त्व चाचण्या सोडवून ठरत नाही. दहा दिवस त्या कारखान्यात उभे राहिले की कळते. कुठले काम करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही आणि कुठल्या कामाला सकाळी अकरालाच जांभई येते, याची माहिती फक्त तिथेच मिळते. ‘आधी माझी आवड कुठली ते ठरू दे, मग हालचाल करतो’ म्हणणारे नेमके इथेच अडतात.

कचेरीबद्दल भाबडेपणाही नको. तिथल्या अधिकाऱ्याला क्लाउड आर्किटेक्ट आणि डेटा इंजिनिअर यांतला फरक माहीत असेलच असे नाही. सगळे इंग्रजी बोलतील याचीही खात्री नाही. शिक्षणाचे व्हाउचर देणे न देणे बहुतांशी अधिकाऱ्याच्या हातात असते. म्हणून तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये. हवा असलेला अभ्यासक्रम, त्याची फी, आणि त्या कौशल्याची मागणी करणाऱ्या जवळपासच्या कंपन्यांच्या दहा-बारा जाहिराती छापून फाइलमध्ये न्याव्यात. ज्या जाहिरातीत आपण बाकी सगळ्या अटींत बसतो आणि एकाच अटीपाशी घोडे अडते, ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवावी. अधिकाऱ्याला आपल्या निर्णयाचे कारण फाइलमध्ये लिहावे लागते. ते कारण आपणच तयार करून द्यावे.

एक अट मात्र बहुतेक जाहिरातींत रंगवावी लागेल, ती म्हणजे जर्मन भाषा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दोन-तीन पातळ्या करून गेलेला आयटीतला माणूस बर्लिन किंवा म्युनिकमध्ये इंग्रजीवर सहा-सात वर्षे आरामात काढतो. नोकऱ्या मुबलक होत्या तोवर हे चालून गेले. आता एकेका जागेला अर्जांचा ढीग पडतो, तेव्हा जर्मन येणारा उमेदवार पुढे सरकतो. नोंदणीकृत बेकारांसाठी बी-२ आणि सी-१ पातळीचे व्यावसायिक भाषावर्ग असतात आणि त्यांना शुल्क लागत नाही. सकाळी साडेआठला वर्ग, शेजारी सीरियाचा दंतवैद्य आणि ब्राझीलची वास्तुविशारद, बाराला सुट्टी आणि गृहपाठ. याहोडांनी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी निदान तीन या एका वर्गात परत मिळतात. नोकरी गेल्याच्या पहिल्या महिन्यात करायची एकच गोष्ट निवडायची झाली, तर हीच निवडावी.

काही जण नोकरी जाताच भारताचे तिकीट काढतात. दोन महिने आईच्या हातचे खाऊन, मन शांत करून परत येऊ, असा विचार असतो. त्यात गैर काही नाही, पण भत्ता घेणाऱ्याला कचेरीच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, आणि परवानगीनेही वर्षाला तीन आठवडेच. ब्लू कार्ड किंवा अन्य नोकरीच्या परवान्यावर असलेल्याने नोकरी मुदतीआधी संपल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचे असते. त्यानंतर नवी नोकरी शोधायला काही महिन्यांचा अवधी मिळतो. वर्गणीतून मिळणारा बेरोजगारी भत्ता घेतल्याने परवाना धोक्यात येतो, ही भीती मात्र निराधार आहे. तो विमा आहे. करातून चालणाऱ्या मूलभूत मदतीची गोष्ट वेगळी, तिथे सल्ला घेऊनच पुढे जावे.

जर्मनांना ही यंत्रणा आभाळातून मिळालेली नाही. बोखुम शहराचे उदाहरण घ्या. तिथे डॅननबाउम नावाची कोळसा खाण होती, ती १९५८ मध्ये बंद झाली. तिच्याच जागेवर १९६२ मध्ये ओपेलने मोटारींचा कारखाना काढला. कधीकाळी तिथे वीस हजारांवर कामगार होते. डिसेंबर २०१४ मध्ये तोही बंद झाला. तेव्हा कामगारांना थेट रस्त्यावर न सोडता एका ‘ट्रान्सफर कंपनी’त घेण्यात आले. या व्यवस्थेत माणसाला बाराएक महिने पगाराचा मोठा हिस्सा मिळत राहतो आणि तेवढ्या काळात त्याची कौशल्ये तपासणे, नवे शिक्षण, दुसऱ्या कंपन्यांत चाचणीचे काम हे सगळे चालते. प्रत्येकाला चांगली नोकरी मिळाली असे झाले नाही. पन्नाशीच्या कामगारांचे हाल झालेच. पण सोमवारी सकाळी जायला एक जागा होती. आज त्या जमिनीवर डीएचएलचे पार्सल केंद्र आहे, शेजारी संगणक सुरक्षेच्या कंपन्या आहेत.

आपल्याकडे, मुंबईच्या गिरणगावात, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात उतरले आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा कधीच साचा चालवायला मिळाला नाही. त्यांच्यासाठी सोमवारी सकाळी जायला जागा नव्हती. कुणी गावाकडे परतला, कुणी चौकीदारी धरली, कुणी नाक्यावर उभा राहिला. मारिएनथालसारखेच इथेही घर बायकांनी चालवले: खाणावळीचे डबे, पापड, घरकाम. त्या काळी कुणी गिरणी कामगाराला ‘इच्छाशक्ती वाढव’ म्हणाले असते, तर तो अपमानच ठरला असता. आज परदेशातल्या सुशिक्षित मुलाला आपण तेच सांगतो आणि त्याला आधार म्हणतो.

मग घरच्यांनी काय करावे? रोज ‘काही झाले का’ विचारू नये. मुलाखतीचे कळेल तेव्हा तो स्वतःच सांगेल. त्याऐवजी आज वर्गात काय शिकवले, कचेरीतली भेट कधी आहे, हे विचारावे. ज्या गोष्टी त्याच्या हातात आहेत त्यांबद्दल बोलले की बोलणे टिकते. जोडीदार नोकरी करत असेल, तर दोघांनी बसून वर्षभराचा हिशेब एकदाच कागदावर मांडावा. भाडे, मुलांचे पाळणाघर, भारतात चालू असलेला गृहकर्जाचा हप्ता. भीतीला आकडा मिळाला की घाईने वाटेल ती नोकरी पत्करण्याचा दबाव कमी होतो.

आणि मंडळांनीही पुढे यावे. म्युनिक, फ्रँकफर्ट आणि इतर शहरांतली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव आणि दिवाळी मोठ्या उत्साहाने करतात. सभागृहे, ढोलपथके, मोदकांची व्यवस्था हे सगळे स्वयंसेवकांच्या जोरावर उभे राहते. एवढे संघटन ज्यांना जमते, त्यांना महिन्यातून एक संध्याकाळ नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठी राखणे अवघड नाही. ज्यांनी वाहन उद्योग सोडून दुसरे क्षेत्र धरले, ज्यांनी शिक्षणाचे व्हाउचर मिळवले, ज्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला, त्यांनी तिथे यावे आणि आपले कागद दाखवावेत: अर्ज कसा लिहिला, अधिकाऱ्याला काय सांगितले, कंपनीकडून मिळणाऱ्या कामाच्या प्रशस्तिपत्रातली मोघम वाक्ये कशी बदलून घेतली. त्या पत्रातली स्तुती ठरलेल्या पायऱ्यांनी मोजली जाते, एखादा शब्द गळला तरी श्रेणी खाली येते, आणि हे नव्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सुरुवात मंडळाच्या कार्यकारिणीतल्याच कुणी तरी, आपली नोकरी गेली होती तेव्हाचे वर्ष चारचौघांत सांगून करावी. मग गप्प बसलेले बाकीचेही आपले कागद घेऊन येतील.